घरातील आवाज मोजताना

रक्तदाब मोजण्याचे यंत्र आता बहुतेक ज्येष्ठांच्या घरी असते. त्याच्या शेजारी ग्लुकोमीटर असतो, थर्मामीटर असतो आणि करोनाच्या साथीत घेतलेला ऑक्सिमीटरही असतो. या छोट्या यंत्रांनी कुटुंबांवर एक उपकार केला आहे. 'आज बरे वाटत नाही' या तक्रारीला त्यांनी आकडा मिळवून दिला, आणि आकडा दिसला की घरातील माणसे तक्रार ऐकून घेतात.

आवाजाच्या बाबतीत मात्र आपण अजून अंदाजावरच आहोत. आजोबा म्हणतात, रात्री कसला तरी आवाज येतो आणि झोप मोडते. मुलगा म्हणतो, बाबा, मला तर काहीच ऐकू येत नाही. आजींना टीव्हीवरील संवाद कळत नाहीत म्हणून त्या आवाज वाढवतात. शेजारच्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करणारी नात कानांवर हात ठेवते. दोन्हीकडची माणसे खरेच बोलत असतात. तरीही वाद मिटत नाही, कारण दोघांनाही मान्य होईल असे माप घरात नसते.

आवाज मोजण्याचे, घरात वापरता येईल आणि खिशाला परवडेल असे यंत्र कोणते घ्यावे, अशी विचारणा काही वाचकांनी केली आहे. माझे उत्तर आरंभीच सांगतो. घरगुती कामासाठी स्वस्त ध्वनिमापक पुरेसा असतो. मात्र त्याला 'आधी किती होता, आता किती आहे' आणि 'इथे किती, तिथे किती' असे तुलनेचेच प्रश्न विचारावेत. न्यायनिवाडा किंवा कानाची तपासणी ही कामे त्याच्यावर सोपवू नयेत.

ज्येष्ठांना आवाज अधिक का बोचतो

वयपरत्वे ऐकणे कमी होते तेव्हा सगळे आवाज सारखेच मंद होत नाहीत. प्रथम जातात ते वरच्या पट्टीतील, म्हणजे बारीक आवाज. स, श, त, क यांसारखी व्यंजने याच पट्टीत येतात. त्यामुळे कोणी बोलत आहे हे कळते, पण काय बोलत आहे हे कळत नाही. टीव्हीचा आवाज वाढवला तरी शब्द स्पष्ट होत नाहीत, गोंगाट मात्र वाढतो.

दुसरी गोष्ट कुटुंबीयांना फार चमत्कारिक वाटते. 'जरा मोठ्याने बोला' असे सांगणारे आजोबा, कोणी थोडे मोठ्याने बोलले की 'ओरडता कशाला?' म्हणतात. हा तऱ्हेवाईकपणा नव्हे. अंतर्कर्णातील पेशी झिजल्या की हळू आवाज ऐकू येत नाहीत आणि मोठे आवाज मात्र एकाएकी असह्य होतात; मधली आरामाची पट्टी अरुंद होते.

तिसरी गोष्ट झोपेची. वाढत्या वयात गाढ झोपेचा काळ कमी होतो, म्हणून तरुण माणूस ज्या आवाजात घोरत असतो त्याच आवाजाने वृद्ध माणूस जागा होतो. जाग आली नाही तरी शरीर आवाजाची दखल घेते. नाडीचे ठोके आणि रक्तदाब काही काळ वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शांत झोपेसाठी खोलीतील सततचा आवाज ३० डेसिबलच्या आसपास असावा आणि मधूनच येणारा एखादा आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये. शहरातील आपल्या घरांत ३० चा आकडा गाठणे कठीण आहे. पण दिशा कोणती, हे त्यावरून कळते.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला आवाजाचा त्रास शब्दांत सांगता येत नाही. ती येरझारा घालू लागते, चिडते, जेवण बाजूला सारते. संध्याकाळी अशी अस्वस्थता दिसू लागली तर औषधाचा विचार करण्यापूर्वी त्या वेळी घरात टीव्ही, मिक्सर, कुकर आणि रस्त्यावरील रहदारी मिळून किती आवाज होतो, हे अवश्य पाहावे.

डेसिबलची भाषा

डेसिबल हे माप मीटर किंवा किलोसारखे सरळ वाढत नाही. आवाजाची ऊर्जा दुप्पट झाली की आकडा केवळ ३ ने वाढतो. ऊर्जा दहापट झाली की तो १० ने वाढतो, आणि आपल्या कानाला तो आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणून ५५ वरून ६५ ही वाढ किरकोळ समजू नये. त्याचप्रमाणे एखाद्या उपायाने आवाज ५ डेसिबलने कमी झाला, तर तो उपाय वाया गेला असेही म्हणू नये. अंदाजासाठी दोन खुणा लक्षात ठेवाव्यात: कुजबुज ३० च्या आसपास असते आणि एक मीटर अंतरावरील नेहमीचे बोलणे ६० च्या आसपास.

येथे एक घोटाळा टाळायला हवा. श्रवणचाचणीच्या अहवालातही डेसिबल असतात. 'उजव्या कानात ५५ डेसिबल दोष' असे लिहिलेले पाहून काही जण ध्वनिमापकावर ५५ चा आकडा शोधतात आणि 'याहून कमी आवाज आम्हाला ऐकूच येणार नाही' असे समजतात. ही दोन मापे निराळी आहेत. अहवालातील शून्य म्हणजे निरोगी तरुण कानाला त्या त्या पट्टीतील जो सर्वांत मंद आवाज ऐकू येतो तो. ध्वनिमापकाचा शून्य म्हणजे हवेच्या दाबाचे एक ठरावीक मूल्य. एका मापातील आकडा दुसऱ्यात बसवू नये.

आधी खिशातील फोन

यंत्र विकत घेण्यापूर्वी फोन वापरून पाहावा. आवाज मोजणारी अनेक ॲप मोफत मिळतात. अमेरिकेच्या 'नायॉश' या सरकारी व्यवसाय-आरोग्य संस्थेने आयफोनसाठी असे एक मोफत ॲप २०१७ साली उपलब्ध केले असून, योग्य रीतीने वापरल्यास त्याच्या मोजणीत साधारण २ डेसिबलचा फरक पडतो. अँड्रॉइड फोनची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे कंपन्या अनेक, मॉडेल अनेक आणि प्रत्येकाचा मायक्रोफोन निराळा. त्यामुळे एकच ॲप दोन फोनवर वेगवेगळे आकडे दाखवू शकते.

फोनचा मायक्रोफोन माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. मिरवणुकीतील ढोल किंवा डीजेसारख्या फार मोठ्या आवाजात तो अडखळतो, आणि अगदी शांत खोलीतही त्याचा भरवसा कमी. मात्र आकडा ४० ते ८० च्या दरम्यान असेल आणि फोन, ॲप व जागा तीच ठेवली असेल, तर तुलनेपुरता तो उपयोगी पडतो. फोनचे जाड आवरण काढून ठेवावे आणि मायक्रोफोनचे छिद्र बोटाने झाकले जाणार नाही याची काळजी घ्यावी. पुष्कळ घरांचे काम एवढ्यात भागते.

विकत घ्यायचे झाल्यास

ज्येष्ठांच्या दृष्टीने स्वतंत्र यंत्राचा लाभ असा की त्यात फोनसारखी गुंतागुंत नसते. बटण दाबले की आकडा दिसतो. घरगुती वापराचे साधे डिजिटल ध्वनिमापक साधारणपणे दीड-दोन हजारांपासून चार-पाच हजार रुपयांपर्यंत मिळतात. प्रमाणपत्रासह येणारी व्यावसायिक यंत्रे याच्या कितीतरी पट महाग असतात आणि घरात त्यांची आवश्यकता नसते. कोणत्याही कंपनीचे नाव मी सुचवत नाही. पुढील बाबी तपासून घ्याव्यात.

१. 'ए' भारण, म्हणजे यंत्रावर 'डीबीए' असे माप दिसायला हवे. माणसाचा कान खालच्या पट्टीतील घरघर कमी आणि मधल्या पट्टीतील आवाज अधिक ऐकतो. 'ए' भारण यंत्राला कानाप्रमाणे ऐकायला लावते. आरोग्यविषयक आणि कायद्यातील बहुतेक मर्यादा याच मापात दिलेल्या असतात.

२. 'सी' भारणाचीही सोय असल्यास उत्तम. जनरेटर, पाण्याची मोटार, डीजेचा धमधमाट हे आवाज 'ए' मापात कमी दिसतात. एकाच जागी 'सी' चा आकडा 'ए' पेक्षा १५-२० ने अधिक येत असेल, तर त्रास खालच्या पट्टीतील घरघरीचा आहे असे समजावे.

३. मोजण्याची मर्यादा ३० ते १३० डेसिबल असावी. ज्या यंत्राची मोजणी ४० पासूनच सुरू होते, ते रात्रीच्या शयनगृहात निरुपयोगी ठरते.

४. 'फास्ट' आणि 'स्लो' असे दोन वेग असावेत. 'स्लो' वर आकडा स्थिर राहतो आणि वाचता येतो. सर्वांत मोठा आकडा धरून ठेवणारे 'मॅक्स' बटण असावे. मध्यरात्रीचा हॉर्न किंवा दार आपटल्याचा आवाज त्याने पकडता येतो.

५. माहितीपत्रकात 'आयईसी ६१६७२, क्लास २' असा उल्लेख आणि दीड-दोन डेसिबलपर्यंतची अचूकता दिलेली असावी. स्वस्त यंत्रांवर हा उल्लेख असला तरी प्रत्येक यंत्र स्वतंत्रपणे तपासलेले असेलच असे नाही. म्हणून दोन-तीन डेसिबलचा फरक गृहीत धरूनच आकडा वाचावा.

६. आकडे ठळक असावेत आणि मागून उजेड पडावा. सेल सहज मिळणारे व सहज बदलता येणारे असावेत. मायक्रोफोनवर बसवायचा स्पंजचा गोळा सोबत असावा. वाऱ्याच्या झोताने येणारा खोटा आवाज त्याने कमी होतो. बिल आणि बदलून देण्याची मुदत असल्याशिवाय खरेदी करू नये.

यंत्र खरेच नीट चालते का, हे पाहण्यासाठी तज्ज्ञ 'कॅलिब्रेटर' वापरतात. त्यातून ठरलेला, बहुधा ९४ डेसिबलचा, आवाज निघतो. पण कॅलिब्रेटरचा खर्च करणे घरासाठी योग्य नाही. त्याऐवजी सोपी युक्ती करावी. यंत्र आणल्या दिवशी शांत वेळी गजराचे एखादे घड्याळ टेबलावर ठेवून, बरोबर एक फुटावरून त्याचा आकडा मोजावा आणि वहीत लिहून ठेवावा. दर तीन-चार महिन्यांनी त्याच टेबलावर, त्याच अंतरावरून पुन्हा मोजावे. आकडा दोन-तीनपेक्षा अधिक बदलला तर घड्याळाचे आणि यंत्राचे सेल बदलून पाहावे. यंत्राचा आकडा अगदी अचूक आहे की नाही हे त्यातून कळणार नाही, पण ते आपल्या मापाला चिकटून आहे की नाही हे कळेल, आणि घरी तेवढेच पुरते.

परवडण्याचा आणखी एक मार्ग आहे. रक्तदाबाचे यंत्र रोज लागते. ध्वनिमापक वर्षातून चार-सहा वेळाच लागतो. सोसायटीने किंवा ज्येष्ठ नागरिक संघाने एक यंत्र घेऊन ठेवले आणि सभासदांना आठवडाभरासाठी दिले, तर प्रत्येकाच्या वाट्याला शंभर-दोनशे रुपयेही येणार नाहीत. यंत्रासोबत नोंदींची एक वही फिरती ठेवावी.

मोजण्याची रीत

रक्तदाब मोजताना हात कुठे ठेवावा, पट्टा किती घट्ट असावा, याचे नियम आहेत. आवाजाचेही आहेत, आणि ते सोपे आहेत.

यंत्र 'ए' आणि 'स्लो' वर ठेवावे. ज्याला त्रास होतो त्याच्या कानाच्या जागी, म्हणजे उशीजवळ किंवा नेहमीच्या खुर्चीच्या पाठीच्या उंचीवर मोजावे. भिंतीला अगदी लागून मोजू नये, कारण भिंतीवरून परतणारा आवाज आकडा वाढवतो. शक्य असल्यास भिंतीपासून एक मीटर अंतर ठेवावे. यंत्र हातात छातीशी न धरता स्टुलावर ठेवावे किंवा हात लांब करून धरावे. पंख्याचा झोत थेट मायक्रोफोनवर येऊ देऊ नये.

पाच मिनिटे निरीक्षण करून तीन आकडे लिहावेत: सर्वांत कमी, बहुतेक वेळ दिसणारा आणि सर्वांत जास्त. सोबत तारीख, वेळ, खिडकी उघडी की बंद आणि पंखा चालू की बंद, हे लिहावे. अशा नोंदी तीन दिवस कराव्यात. एका रात्रीचा आकडा योगायोग असू शकतो.

एखाद्या वस्तूचा आवाज वेगळा काढायचा असेल तर ती बंद असताना आणि चालू असताना मोजावे. दोन आकड्यांत १० किंवा त्याहून अधिक फरक असेल, तर चालू असतानाचा आकडा जवळजवळ त्या वस्तूचाच समजावा. फरक केवळ ३ असेल, तर त्या वस्तूचा आवाज आणि आधीपासून असलेला आवाज समान आहेत. मग ती वस्तू बदलून फारसे काही साधणार नाही.

अतिशय शांत खोलीत स्वस्त यंत्र ३२-३५ च्या खाली उतरतच नाही, कारण त्याच्या स्वतःच्या विद्युत-मंडलाची खरखर तेवढी असते. असा आकडा दिसला तर 'इतका किंवा याहून कमी' असे लिहावे आणि निश्चिंत व्हावे.

तीन दिवस झाले की यंत्र कपाटात ठेवून द्यावे. रात्रभर आकड्याकडे पाहत बसणाऱ्याला झोप आणखी कमी लागते.

आकड्यावरून कृती

माझ्याकडे येणारे एक ७६ वर्षांचे निवृत्त शिक्षक पहाटे साडेचारला जाग येते म्हणून झोपेची गोळी मागत होते. या वयात झोपेच्या गोळ्या जपून द्याव्या लागतात. रात्री लघवीला उठताना तोल जाणे, पडून खुब्याचे हाड मोडणे, सकाळी गोंधळल्यासारखे होणे हे धोके त्यांच्यासोबत येतात. मी त्यांच्या मुलाला उशीजवळचा आवाज मोजायला सांगितले. साडेचारपर्यंत आकडा ३५ च्या आसपास राही आणि मग एकाएकी ४९ होई, तो वीस मिनिटे तसाच. पलंगामागील भिंतीतून सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीचा पाईप जात होता आणि पहाटे टाकी भरली जात होती. मुलगा वरच्या खोलीत झोपत असल्याने त्याला हे कधी जाणवलेच नव्हते. नोंदी पाहून सोसायटीने मोटारीची वेळ सहाची केली आणि तिच्याखाली रबरी पॅड बसवले. घरच्यांनी पलंग समोरच्या भिंतीला हलवला. आकडा ४० वर आला. गोळी लिहून देण्याची वेळ आली नाही.

प्रत्येक घरात इतके सरळ उत्तर मिळेलच असे नाही. तरीही पुढील गोष्टी करून पाहण्याजोग्या आहेत.

झोपण्याची खोली: सरकत्या खिडक्यांच्या फटींतून बराच आवाज आत येतो. फटींना रबरी किंवा फोमची पट्टी लावून पुन्हा मोजावे. जाड पडद्याने खोलीतील घुमणे कमी होते, पण बाहेरचा आवाज फारसा अडत नाही; त्यासाठी मोठा खर्च करू नये. रस्त्याच्या बाजूची आणि मागील बाजूची खोली यांचे रात्रीचे आकडे पाहावेत. फरक मोठा असेल, तर खोली बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

टीव्ही: आजींच्या खुर्चीपाशी आणि नातीच्या टेबलापाशी असे दोन आकडे घ्यावेत. मग खुर्ची टीव्हीच्या जवळ आणून, शब्द कळतील इतपत आवाज ठेवून पुन्हा मोजावे. बहुधा आवाज कमी करूनही भागते. कानावर लावायचे बिनतारी हेडफोन आणि पडद्यावरील अक्षरे यांचाही उपयोग होतो. खुर्ची जवळ आणूनही आवाज ७५-८० च्या वर लागत असेल, तर तो श्रवणचाचणी करून घेण्याचा संकेत समजावा. कमी ऐकू येणे हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांपैकी एक असल्याचे 'लॅन्सेट' नियतकालिकाच्या तज्ज्ञ-आयोगाने २०१७, २०२० आणि २०२४ च्या अहवालांत सांगितले आहे. 'या वयात चालायचेच' म्हणून ते सोडून देऊ नये.

श्रवणयंत्र वापरणारे: आजूबाजूचा आवाज ५५ आणि बोलणे ६० असेल तर श्रवणयंत्र कितीही चांगले असले तरी शब्द कळत नाहीत. बोलणे पार्श्वभूमीपेक्षा साधारण १५ डेसिबलने वर असले की ऐकणे सुकर होते. म्हणून गप्पांच्या वेळी ओरडण्यापेक्षा टीव्ही बंद करावा आणि समोर बसून बोलावे. दिवाणखान्यातील आकडा ४०-४५ पर्यंत उतरला की बोलणे कसे सोपे होते, हे एकदा मोजून पाहावे.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर: हे यंत्र रात्रभर चालते आणि त्याच्या घरघरीने रुग्णाची व काळजी घेणाऱ्याची झोप मोडते. माहितीपत्रकात परवानगी असेल तेवढ्या लांबीची नळी लावून ते शेजारच्या खोलीत किंवा दाराबाहेर ठेवावे आणि फरक मोजावा. आवाज कमी करण्यासाठी त्यावर चादर टाकणे किंवा ते कपाटात कोंडणे धोक्याचे आहे. त्याला मोकळी हवा लागते.

स्वयंपाकघर: मिक्सरचा आवाज ८०-९० च्या घरात जातो. त्याच्याखाली जाड रबरी चटई ठेवावी, दार ओढून घ्यावे आणि वाटण शक्यतो दुपारच्या झोपेच्या वेळी करू नये.

उत्सव, लाउडस्पीकर आणि कायदा

गणपती, नवरात्र, लग्नसराई आली की हा प्रश्न घराबाहेर जातो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात त्या मर्यादा ५० आणि ४० आहेत. हे आकडे घराबाहेरील आणि काही काळाच्या सरासरीचे आहेत. त्यामुळे गॅलरीत क्षणभर ६२ दिसले म्हणून नियमभंग सिद्ध होत नाही. आपल्या स्वस्त यंत्राचा आकडा पुरावा म्हणून पुढे करता येईल, असेही समजू नये; अधिकृत मोजणी प्रशासनानेच करायची असते. तारीख, वेळ आणि ठिकाण यांची व्यवस्थित वही मात्र तक्रारीला वजन देते.

पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की रात्रीच्या लाउडस्पीकरविरुद्ध तक्रार करायला डेसिबलची गरजच नाही. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर लावण्यालाच मनाई आहे, मग आवाज कितीही असो. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात ही रात्रीची बंदी उचलून धरली. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली या नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीचे आदेश दिले. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. त्या दिवसांची यादी आधी पाहून ठेवावी. इतर रात्री ११ वाजता मैदानात कर्णा वाजत असेल तर ११२ वर कळवावे. वृद्धांनी स्वतः खाली जाऊन वाद घालू नये.

मिरवणूक दारावरून जाणारच असेल, तर यंत्राचा उपयोग स्वतःच्या बचावासाठी करावा. 'नायॉश' च्या मापाप्रमाणे ८५ डेसिबल आवाजात ८ तास, ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास आणि १०० ला केवळ १५ मिनिटे, एवढीच मर्यादा कानाला झेपते. ही मर्यादा निरोगी कामगारांसाठी आखलेली आहे. ज्येष्ठांनी त्याहून आधीच बाजूला व्हावे. गॅलरीत ९५ आणि आतल्या खोलीत दार लावून ७० असे दिसले, तर कुठे बसावे हे ठरवायला चर्चा लागत नाही. मोकळ्या जागेत एकाच ध्वनिक्षेपकापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. कानात कापसाचे बोळे घालून फारसे रक्षण होत नाही. मऊ फोमचे बोळे चांगले. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत.

यंत्र जे सांगत नाही

एक प्रसंग लक्षात ठेवावा. आजी म्हणतात, रात्रभर कुठेतरी मोटार चालू असते. यंत्र दाखवते ३३. घरात दुसऱ्या कोणालाही आवाज येत नाही. अशा वेळी 'बघा, यंत्रच सांगते आहे' म्हणून आजींना गप्प करू नये. 'सी' मापावरही काही आढळले नाही, तर तो आवाज बहुधा कानातच निर्माण होत असतो. कानात साठलेला मळ, वयपरत्वे आलेला बहिरेपणा, वाढलेला रक्तदाब आणि काही औषधे ही त्याची कारणे असू शकतात. तो भास किंवा हट्ट नव्हे. तपासणी करून घ्यावी. नेहमीची औषधे स्वतःहून बंद करू नयेत.

आवाज एकाच कानात येत असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे लवकर जावे. एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासे झाले, तर ती तातडीची बाब आहे. 'मळ असेल, तेल घालून पाहू' म्हणून आठवडा दवडू नये. उपचार जितके लवकर सुरू होतात, तितकी ऐकू परत येण्याची आशा अधिक असते. त्यासोबत तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, हातापायांत अशक्तपणा येणे किंवा एकाएकी भोवळ येऊन चालता न येणे यांपैकी काही घडले, तर थेट रुग्णालय गाठावे.

उलट प्रसंगही येतो. यंत्र ५० दाखवते, घरातील सर्वांना ते सोसते आणि आजोबांना मात्र सोसत नाही. अरुंद झालेल्या आरामाच्या पट्टीविषयी वर सांगितले आहे. अशा वेळी आकड्यापेक्षा आजोबांचे म्हणणे ग्राह्य धरावे आणि त्यांच्या कानांची तपासणी करावी. यंत्र हवेतील आवाज मोजते, माणसाला होणारा त्रास मोजत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा: प्रथम फोनवर अंदाज घ्यावा, गरज भासल्यास साधे यंत्र घ्यावे किंवा संघातून आणावे, तीन दिवस नोंदी कराव्यात, एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा मोजावे. झोप, चिडचिड किंवा ऐकण्याच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे जाल तेव्हा ती वही सोबत न्यावी. रक्तदाबाच्या नोंदींइतकीच तीही आम्हाला उपयोगी पडते.